अठरा वर्षं एकाच कंपनीत, आणि आता?

प्रश्न : मॅडम, माझं वय ४४. सोलापुरात इंजिनिअरिंग केलं आणि हिंजवडीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत लागलो, तो अठरा वर्षं चार महिने तिथंच राहिलो. कोविडमध्ये घरून काम सुरू झालं तेव्हा जुळे सोलापूरला आई-वडिलांकडे आलो आणि इथलाच झालो. महिन्यातून चार दिवस पुण्याला जाऊन यायचो. सगळी वर्षं एकाच अमेरिकन विमा कंपनीच्या क्लेमच्या, म्हणजे विम्याच्या दाव्यांच्या, कामावर होतो. आधी जावा डेव्हलपर, शेवटी डिलिव्हरी मॅनेजर, हाताखाली २२ जण. दीड महिन्यापूर्वी एचआरचा व्हिडिओ कॉल आला आणि अकरा मिनिटांत सगळं आटोपलं. संध्याकाळी लॉगिन बंद. नोटिशीचे दोन महिने कागदोपत्री अजून चालू आहेत, शेवटची तारीख जवळ आली आहे.

वडिलांना अजून सांगितलेलं नाही. ते निवृत्त प्राथमिक शिक्षक आहेत, वय ७४, शुगर आहे. कंपनीचा लॅपटॉप कुरिअरनं परत गेला, तरी रोज सकाळी साडेनऊला मी मुलीचा जुना लॅपटॉप उघडून खोलीत बसतो. बायकोला माहीत आहे. ती खासगी शाळेत शिकवते, तिला २४ हजार मिळतात. मुलगी दहावीला आहे. वाकडच्या फ्लॅटचा हप्ता धरून महिन्याला ८५ हजार लागतात. माझा बेसिक ७८ हजार होता.

४६ अर्ज केले, मुलाखती दोनच झाल्या. एकीत क्लाउडवर सॉफ्टवेअर चालवायच्या साधनाबद्दल विचारलं, "कुबरनेटीस स्वतः वापरलंय का?" दुसरीत विचारलं, "इतकी वर्षं एकाच ठिकाणी का राहिलात?" दोन्ही वेळा मला बोलता आलं नाही. माझ्यासारख्याला कुणी घेईल का? निम्म्या पगारावर तयार होऊ का? की सोलापुरातच काही बघू?

ता. क. क्लायंटचं महिनाअखेरचं बॅच, म्हणजे सगळ्या नोंदींवर एकदम चालणारं काम, नऊ तास चालायचं. २०१७ साली टीममधल्या दोन मुली आणि मी मिळून ते साडेतीन तासांवर आणलं. मुलाखतीत हे कुणी विचारलंच नाही.

– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : आधी वडिलांचं बोलू, नोकरीचं नंतर.

माझे वडील सोलापुरातल्या एका गिरणीत साचाखात्यात, म्हणजे मागांच्या विभागात, होते. मी दहावीला असताना गिरणीनं एक पाळी बंद केली आणि कमी केलेल्यांच्या यादीत त्यांचं नाव आलं. भोंगा मात्र रोज वाजत होता. त्यामुळे घरात कुणाला शंका आली नाही. ते भोंग्याला डबा घेऊन निघायचे, कंबर तलावाच्या काठी बसायचे, तिथंच डबा खायचे आणि पाळी सुटायच्या वेळेला घरी यायचे. असे चोवीस दिवस गेले. त्या चोवीस दिवसांत माझा मामा दोनदा घरी आला होता. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका यंत्रमाग कारखान्यात मागांची देखभाल बघणाऱ्या जॉबरची जागा निघाली होती आणि माहितीतला चांगला माणूस आहे का, असं तो आईला विचारत होता. आई म्हणाली, "बघते. आमच्याकडचे तर कामावर आहेत." ती जागा दुसऱ्याला गेली. वडिलांना पुढचं काम मिळायला चौदा महिने लागले, आणि ते आधीच्यापेक्षा हलकं होतं.

मी नंतर पुण्यात १९ वर्षं आयटी कंपन्यांसाठी माणसं निवडण्याचं काम केलं. नोकरी गेलेला कुणीही भेटला की मी पहिल्यांदा हेच विचारते, की घरात आणि नात्यात कुणाकुणाला माहीत आहे. तुम्ही वडिलांच्या शुगरची काळजी करता, ते मला समजतं. पण ज्या माणसानं सगळी उमर मास्तरकी केली, त्याचे विद्यार्थी आज पुण्यात किती असतील, कुठल्या कुठल्या कंपनीत असतील, याचा हिशोब करून बघा. तुमच्या घरात ज्याची ओळख सगळ्यांत लांबवर पोचलेली आहे, त्याच माणसापासून तुम्ही ही गोष्ट लपवून ठेवली आहे. शिवाय ते शिक्षक आहेत. बंद दारामागे रोज साडेनऊला बसणारा मुलगा फोनवर एकदाही मोठ्यानं बोलत नाही, हे त्यांच्या लक्षात आलं नसेल असं मला वाटत नाही.

संध्याकाळच्या चहाला तुम्ही दोघं नवरा-बायको बसा आणि सांगा. आकडा हातात ठेवून सांगा: "नोकरी गेली आहे. तेरा महिन्यांची सोय आहे. शोध चालू आहे, आणि तुमची मदत हवी आहे."

तेरा महिने कुठून आले ते दाखवते. ग्रॅच्युइटीचा हिशोब सरळ आहे: बेसिक आणि महागाई भत्ता मिळून जो पगार असेल त्याला २६ नं भागायचं, १५ नं गुणायचं आणि नोकरीच्या वर्षांनी गुणायचं. ७८ हजारांना २६ नं भागलं की तीन हजार येतात. गुणिले १५ म्हणजे ४५ हजार, आणि गुणिले १८ म्हणजे आठ लाख दहा हजार. ८५ हजारांच्या खर्चातून बायकोचे २४ हजार वजा केले तर महिन्याला ६१ हजारांची तूट राहते. आठ लाख दहा हजार त्यात तेरा महिने पुरतात. शिल्लक रजेचे पैसे आणि घरातली बचत यात धरलेली नाही. ग्रॅच्युइटी तीस दिवसांत मिळायला हवी, आणि वीस लाखांपर्यंत तिच्यावर कर नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत आणि त्यांत ‘वेतन’ कशाला म्हणायचं याची व्याख्या बदलली आहे. त्यामुळे तुमचा आकडा कुठल्या आधारावर काढला, हे एचआरला ईमेलवर विचारा. आठ लाख दहा हजारांपेक्षा कमी आला तर नक्कीच विचारा.

पीएफला हात लावू नका. २०२४-२५ चं व्याज सव्वाआठ टक्के होतं, एवढं सुरक्षित व्याज बाहेर सहज मिळत नाही. तुमची दहा वर्षांहून जास्त नोकरी झाली आहे, म्हणजे अठ्ठावन्नाव्या वर्षी पेन्शनचा हक्कही तयार आहे.

आरोग्य विम्याचं मी तुमचं पत्र मिळताच तुम्हाला कळवलं होतं, इतर वाचकांसाठी इथं पुन्हा लिहिते. कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत आई-वडील असतील तर ते संरक्षण तुमच्या शेवटच्या दिवसाबरोबर संपतं. तो दिवस यायच्या आधी त्याच विमा कंपनीकडे वैयक्तिक पॉलिसीत जाण्यासाठी अर्ज करा. वयामुळे तपासण्या सांगतील, हप्ताही जास्त असेल. पण शुगरच्या माणसाची नवी पॉलिसी पहिल्यापासून काढायची म्हटलं, तर आधीच्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. नोकरी गेल्यावर या एका कागदाकडे दुर्लक्ष झालेली घरं मी पाहिली आहेत, आणि ते नुकसान नोकरीपेक्षा मोठं ठरलेलं पाहिलं आहे.

आता तुमचा खरा प्रश्न. मला कुणी घेईल का?

घेतील. पण गेल्या दीड महिन्यात तुम्ही जे करत आहात, त्यातून नाही.

अठरा वर्षांत तुम्हाला स्वतःबद्दल सांगावंच लागलं नाही. कंपनीत नवीन कुणी आला की लोक म्हणायचे, "क्लेमचं काही असेल तर त्यांना विचार." तुमची ओळख तुमच्या आधी तिथं पोचलेली असायची. ज्यानं या काळात चार नोकऱ्या बदलल्या, त्यानं तीस-चाळीस मुलाखती दिल्या असतील. तो तुमच्यापेक्षा हुशार असेलच असं नाही, पण आपलं काम अनोळखी माणसाला पाच मिनिटांत सांगायचा त्याला सराव आहे. तुम्हाला तो नाही. या एका गोष्टीत तुम्ही नवशिके आहात, आणि ही सरावानं येणारी गोष्ट आहे. मुलाखतीत तोंडातून शब्द फुटला नाही, याचा अर्थ तुम्ही अठरा वर्षांच्या कामात कमी पडलात असा लावून घेऊ नका. मला त्याचीच भीती वाटते.

दुसरी अडचण बोलीची आहे. आपल्या अशोक चौकातला विणकर घरी तेलुगू बोलतो, बाजारात मराठी, आणि अक्कलकोटकडचं गिऱ्हाईक आलं की कन्नड. समोर कोण आहे ते बघून तो बोली बदलतो. तुम्ही मात्र बायोडाटा तुमच्या कंपनीच्या बोलीत लिहिला आहे. तुम्ही मला पाठवलेल्या दोन पानांत कंपनीच्या अंतर्गत टूलची सात नावं आहेत, ग्रेडची तीन अक्षरी नावं आहेत, आणि ‘अनेक मॉड्यूल्सची संपूर्ण जबाबदारी सांभाळली’ हे वाक्य चार वेळा आहे. बाहेरच्या माणसाला यातलं काहीच कळत नाही. आणि ज्या कामासाठी मी तुम्हाला त्याच दिवशी बोलावलं असतं, ते काम बायोडाट्यात नाहीच. ते ताजा कलममध्ये आहे!

ते वर आणा. पहिल्या पानावर, नावाच्या खाली: ‘अमेरिकन विमा कंपनीची क्लेम सिस्टीम, महिनाअखेरचं बॅच नऊ तासांवरून साडेतीन तासांवर आणलं, तिघांच्या टीमनं, २०१७.’ मग ते कसं केलं याच्या दोन ओळी. कुठं अडत होतं, डेटाबेसच्या कुठल्या क्वेऱ्या बदलल्या, कुठलं काम समांतर चालवलं, आणि चुकलं असतं तर काय झालं असतं. असे आणखी तीन प्रसंग आठवून काढा. ते नक्की असतील. अठरा वर्षं एकच सिस्टीम सांभाळणाऱ्या माणसानं रात्री दोनचे फोन घेतलेले असतात, क्लायंटकडचे तीन-चार साहेब बदललेले पाहिलेले असतात, आणि आपलाच दहा वर्षांपूर्वीचा निर्णय चुकीचा ठरल्यावर तो निस्तरलेला असतो. दर दोन वर्षांनी कंपनी बदलणाऱ्याला हे शेवटचं कधीच करावं लागत नाही. मी माणसं निवडत होते तेव्हा मला या अनुभवाची फार किंमत वाटायची.

आणि कंपनीचं नाव एकदाच लिहून ‘१८ वर्षं’ असं एका ओळीत टाकू नका. डेव्हलपर, टीम लीड, आर्किटेक्चरचं काम, डिलिव्हरी मॅनेजर असे चार टप्पे वेगवेगळे, सालांसह लिहा. "इतकी वर्षं एकाच ठिकाणी का?" याचं उत्तर त्यातूनच येतं: "दर चार-पाच वर्षांनी माझं काम बदलत गेलं, म्हणून कंपनी बदलायची वेळ आली नाही." नोकरी का गेली, हे दोन वाक्यांत सांगा आणि थांबा. क्लायंटनं काम कमी केलं, त्यात माझी जागा गेली. त्या अकरा मिनिटांच्या कॉलचं दुःख खरं आहे. ते घरी बोला, मित्राजवळ बोला, मुलाखतीत नको. तारखांमध्ये एका दिवसाचाही फेरफार करू नका, कारण नवी कंपनी पीएफच्या यूएएन नंबरवरून तुमच्या नोकरीच्या तारखा तपासू शकते. मधला काळ भरून काढणारं अनुभवाचं पत्र विकणारे लोक पुण्यात भेटतील, ‘मागच्या दारानं’ नोकरी लावतो म्हणून पैसे मागणारेही भेटतील. त्यांचा फोन सरळ ठेवून द्या.

४६ अर्जांबद्दल. पंधरा वर्षांपुढच्या अनुभवाच्या ज्या जागा मी भरल्या, त्यातल्या बहुतेक पोर्टलवरच्या अर्जातून भरल्याच गेल्या नाहीत. आतल्या कुणीतरी नाव सुचवलं, आणि त्या नावाची मग रीतसर मुलाखत झाली. आपल्याकडे याला लगेच वशिला म्हणतात, आणि सज्जन माणसं लाजून मागे राहतात. वशिल्यात काम न येणाऱ्यालाही आत घेतात. इथं मुलाखत तुम्हालाच द्यायची आहे, ओळखीतून तुमचा कागद फक्त वाचला जातो. बऱ्याच मोठ्या कंपन्या अशी नावं सुचवणाऱ्या कर्मचाऱ्याला बक्षीसही देतात, म्हणजे तुम्ही कुणावर भार टाकत नाही.

एक वही घ्या. २००७-०८ पासून तुमच्या टीममधून जे जे सोडून गेले, त्यांची नावं लिहा. साठ-सत्तर निघतील. त्यातले कुणी पुण्यातच, कुणी बंगळूरला, कुणी त्या अमेरिकन क्लायंटकडेच असतील. पहिला फोन त्या दोन मुलींना करा, ज्यांच्याबरोबर तुम्ही ते बॅच साडेतीन तासांवर आणलं. त्या आज कुठं आहेत, हे तुम्हाला माहीत आहे का? पत्रात तुम्ही ‘मी केलं’ असं लिहिलं नाही, ‘दोन मुली आणि मी मिळून’ असं लिहिलं. तुमच्याबरोबर काम केलेल्यांना हे आठवत असणार. मेसेज नको, फोन करा, आणि ‘काही असेल तर सांग’ असं मोघम बोलू नका. असं म्हणा: "माझी नोकरी गेली आहे. विमा क्षेत्रातल्या सिस्टीमचं काम मला येतं. तुझ्या कंपनीत अशी जागा असेल तर माझा बायोडाटा पुढं पाठवशील का, आणि आधी एकदा वाचून काय चुकलंय ते सांगशील का?" रोज तीन फोन. आठवड्यातून एकदा त्यांच्यातल्याच कुणालातरी तासभर तुमची खोटी मुलाखत घ्यायला सांगा. दहा झाल्या की फरक तुम्हालाच ऐकू येईल.

कुबरनेटीसचं आता. खोटं बोलू नका, आणि घाबरून सहा कोर्सही लावू नका. तुमच्यासमोर दोन रस्ते आहेत आणि त्यातला एक अरुंद झाला आहे. फक्त माणसं सांभाळणारे मॅनेजर कंपन्या कमी करत आहेत. म्हणून तुम्ही स्वतःला एक प्रश्न विचारा: शेवटचा कोड हातानं कधी लिहिला? पाच वर्षं झाली असतील तर पुढचे तीन महिने रोज चार तास त्यालाच द्या. जावाची आठवी आवृत्ती आली २०१४ साली, तुमची सिस्टीम बहुधा तिच्याच आसपास थांबली असेल. बाजार आता १७ आणि २१ या आवृत्त्यांवर आहे, स्प्रिंग बूट, डॉकर अशा साधनांवर आणि क्लाउडवर आहे. तुमच्या त्या बॅचसारखंच एक छोटं बॅच घरी नव्यानं बांधा. कंपनीचा कोड किंवा क्लायंटचा डेटा अजिबात वापरायचा नाही, सगळी आकडेवारी बनावट घ्या. ते डॉकरमध्ये घाला, ॲमेझॉनच्या क्लाउडवर कुबरनेटीसनं चालवा, मोडा, पुन्हा चालवा. मग पुढच्या मुलाखतीत तुम्ही प्रामाणिकपणे म्हणाल, "कंपनीत वापरलं नाही, पण गेले दोन महिने स्वतः चालवतोय, आणि मला यात अमुक ठिकाणी अडचण आली." मी समोर असते तर मला हे उत्तर आवडलं असतं. प्रमाणपत्र हवंच असेल तर ॲमेझॉनची सोल्यूशन्स आर्किटेक्ट असोसिएट ही एक परीक्षा द्या. १३० मिनिटांत ६५ प्रश्न, फी दीडशे डॉलर. ते बायोडाटा चाळणाऱ्याच्या नजरेत भरतं, त्यापलीकडे त्यावर विसंबू नका. एआयची साधनंही हाताखाली घ्या. जुना कोड समजून घ्यायला ती चांगली आहेत, आणि त्यांनी सांगितलेलं बरोबर की चूक हे ठरवायला क्लेमचं काम अठरा वर्षं पाहिलेला माणूस लागतो.

विमा हे तुमचं भांडवल आहे. परदेशी बँका आणि विमा कंपन्या आता बाहेरच्या कंपनीला काम देण्याऐवजी भारतात स्वतःची केंद्रं काढत आहेत. देशात अशी १७०० च्या वर केंद्रं आहेत आणि खराडी, बाणेर, हिंजवडीत त्यातली कितीतरी आहेत. तुमचे पुढचे अर्ज तिथं जायला हवेत. आणि एक बारीक गोष्ट: बायोडाट्यावर तुम्ही पत्ता फक्त ‘सोलापूर’ लिहिला आहे. भरती करणारी मुलगी शहर ‘पुणे’ टाकून शोधते, तुम्ही तिला दिसतच नाही. वाकडला तुमचं स्वतःचं घर आहे. ‘पुणे’ लिहा. आठवड्याला तीन दिवस ऑफिस म्हणाले तर हो म्हणा. पुण्याला जायला सकाळी साडेसहाची हुतात्मा एक्स्प्रेस आहे, आणि मुलीची दहावी होईपर्यंत कुटुंब इथं ठेवता येईल.

सोलापुरात काय? मला या गावाबद्दल माया आहे म्हणूनच स्पष्ट लिहिते. तुमच्या पगाराची नोकरी इथं आज नाही. टॉवेलचे निर्यातदार, साखर कारखाने, मोठी हॉस्पिटलं यांना सॉफ्टवेअरचा जाणता माणूस लागतो, पण ते कामाच्या हिशोबानं पैसे देतात आणि उधारीची रीत आहे. ग्रॅच्युइटीचे आठ लाख घालून होटगी रोडला ऑफिस थाटू नका. इंजिनिअरिंग कॉलेजात आठवड्याला दोन तास शिकवायला मिळालं तर जरूर घ्या. पैशासाठी नाही, पण सोमवारी सकाळी कुठंतरी तयार होऊन जायचं आहे, हे माणसाला बरं असतं.

पगार निम्मा मागू नका. तुम्हीच निम्मा सांगितला की समोरच्याला वाटतं, यात काहीतरी खोट आहे. वीस-पंचवीस टक्के कमी मिळाले आणि काम नव्या तंत्रज्ञानावरचं, हातानं करायचं असेल, तर घ्या. हुद्दा खालचा असला तरी घ्या. पण पहिले चार महिने तरी तेरा महिन्यांची सोय असलेल्या माणसासारखं बोला.

प्रश्न : ताई, मी टॉवेलच्या कारखान्यात शिलाईचं काम करते, हे पत्र शेजारच्या मुलीकडून लिहून घेतलंय. माझी पोरगी नऊ वर्षं झाली पुण्याला एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायचं काम करते. तिच्या हाताखाली कुणी नाही. परवा तिला बोलावून सांगितलं, आजच राजीनामा दे, दोन महिन्यांचा पगार देतो, नाहीतर काढून टाकू आणि तुझं रेकॉर्ड खराब होईल. तिनं दोन दिवस मागितलेत. फोनवर नुसती रडते. तिला नोकरी लागली तेव्हाचं पत्र मी देवाजवळ ठेवलंय. आम्हाला यातलं काही कळत नाही. तिनं सही करावी का?

– एक आई, अशोक चौक

उत्तर : ताई, तिनं दोन दिवस मागितले हे फार चांगलं केलं. भल्याभल्यांना त्या खोलीत ते सुचत नाही.

आज सही करू देऊ नका. जे तोंडी सांगितलं ते ईमेलवर द्या, एवढंच तिनं त्यांना लिहायचं. भांडायचं नाही. राजीनामा दिला की कागदावर ती स्वतःहून गेली असं होतं, आणि कंपनीनं कमी केल्यावर मिळणारा मोबदला मागता येत नाही. तांत्रिक काम करणारी, हाताखाली माणसं नसलेली कर्मचारी कायद्याच्या ‘कामगार’ या व्याख्येत बसू शकते. अशा कामगाराला कमी करायचं तर एक महिन्याची लेखी नोटीस किंवा त्या महिन्याचा पगार द्यावा लागतो, आणि वर दर पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार. नऊ वर्षांचे साडेचार महिने झाले. नोटिशीचा एक धरून साडेपाच. कंपनी देते आहे दोन. ग्रॅच्युइटी यात नाही. पाच वर्षं पूर्ण झाल्यामुळे ती राजीनामा दिला तरी मिळते.

‘रेकॉर्ड खराब’ या शब्दाला मुली फार घाबरतात. कामावरून कमी होणं हा गुन्हा नाही, आणि पुढची कंपनी मुख्यतः तारखा आणि हुद्दा तपासते. तरीही ती म्हणाली की मला भांडण नको, राजीनामाच देते, तर तो तिचा हक्क आहे. तिला दोष देऊ नका. तेव्हा निदान पैसे वाढवून मागा, आणि रिलीव्हिंग लेटर (कामातून मोकळं केल्याचं पत्र) व अनुभवाचं पत्र कुठल्या तारखेला मिळेल हे सहीच्या आधी लेखी घ्या. पुण्यात कामगार आयुक्तांचं कार्यालय आहे, आयटी कर्मचाऱ्यांसाठी काम करणारी ‘नाइट्स’ ही संघटनाही तिथलीच. कामगार कायद्याच्या वकिलाला एकदा कागद दाखवले तर आणखी बरं.

आणि तुम्ही जा तिच्याकडे. कारखान्यात दोन दिवसांची रजा सांगा. तिच्यासमोर नातेवाइकांना फोन करून ‘पोरीची नोकरी जाणार’ म्हणून रडू नका, तिला जेवायला वाढा आणि ती बोलेल ते ऐका. देवाजवळचं ते नेमणूकपत्र सोबत घ्या. शेजारच्या मुलीला आजच ते वाचायला सांगा. आत कुठंतरी ‘नोटीस पिरिअड’ असं एक कलम असेल, त्यावर पेन्सिलीनं खूण करा आणि पत्र प्लास्टिकच्या पिशवीत घालून घ्या.